सतरंजीच्या बाजूने

छत्रपती संभाजीनगरातून सहकुटुंब सहलीला निघालेल्या गाडीची डिकी उघडली, की घरातलं काय मागे राहिलं एवढंच शोधायचं उरतं. दोन सतरंज्या, वीस लिटरचा पाण्याचा जार, धपाट्यांचा डबा, दह्याची बरणी आणि ती सांडू नये म्हणून तिच्याभोवती गुंडाळलेला टॉवेल, आजींची उशी, गुडघे धरलेल्या काकांसाठी घडीची खुर्ची, बॅडमिंटनच्या दोन रॅकेटी आणि एकच फूल, गोळ्यांची पिशवी, कांदे, कांदे कापायची सुरी, ती विसरली जाणारच अशा खात्रीने दुसऱ्या बिऱ्हाडाने आणलेली दुसरी सुरी. शिवाय एक गाठोडं असं, की त्यात काय आहे ते फक्त आत्याला ठाऊक असतं आणि मुक्कामावर पोचेपर्यंत ती ते कुणाला सांगत नाही. हा लवाजमा पितळखोऱ्याला, गौताळ्याला नाहीतर अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटला निघालेला असतो आणि हल्ली त्याला हसायची पद्धत पडली आहे. हसणाऱ्यांच्या पाठीवर एकच सॅक असते, सॅकला कडीने अडकवलेली एक बाटली असते आणि बाटलीपेक्षा कडी महाग असते. निसर्गात जायचं ते घर विसरायला, घरच बरोबर न्यायचं तर बाहेर पडायचं कशाला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल बिनतोड वाटतो. तो विचारणाऱ्याने दऱ्या पाहिलेल्या असतात, पण त्या दऱ्यांत कोण कसं राहिलं हे पाहिलेलं नसतं. माझं म्हणणं असं आहे, की सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगांत घर घेऊन उतरणं हीच इथली जुनी रीत आहे, तिला भूगोलाचा आणि इतिहासाचा दोन्ही आधार आहे. आणि आपल्या सहलींचं जे काही बिघडतं ते घर नेल्यामुळे बिघडत नाही, अर्धवट घर नेल्यामुळे बिघडतं.

आधी भूगोल. 'सामान हलकं ठेवा' हा उपदेश आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींकडून आला आणि त्यांच्या जागी तो अगदी रास्त आहे. राजगड किंवा हरिश्चंद्रगड चढायचा म्हणजे सकाळी भरलेल्या डब्यासकट वर जायचं आणि संध्याकाळी रिकाम्या डब्यासकट खाली यायचं. तिथे चढावर प्रत्येक कांदा खांद्याला कळतो. आपल्याकडे मामला नेमका उलटा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून दख्खनचं पठार झालं आणि आपण त्या पठाराच्या माथ्यावरच राहतो. शहरातून कन्नडच्या दिशेने निघालं की ज्वारी, कापूस, मका, पुन्हा कापूस असं बघत गाडी चालत राहते, आणि मग एकाएकी पायाखालची जमीन संपते, खाली खानदेश दिसायला लागतो. ओढ्यांनी त्या कडेला खाचा पाडल्या, कठीण थर कड्यासारखे उभे राहिले, मऊ थर झिजून आत गेले आणि दऱ्या झाल्या. म्हणजे इथे प्रेक्षणीय स्थळ डोक्यावर नसतं, पायाखाली असतं. जाताना उतरायचं आणि येताना चढायचं. किल्ल्यावर भरलेला डबा चढतो, दरीत भरलेला डबा उतरतो. आणि परतीची चढण लागेपर्यंत त्यातलं सगळं जेवण पोटात गेलेलं असतं. यावर कुणी म्हणेल, डब्यात असो की पोटात, वजन तेवढंच. पदार्थविज्ञान त्याच्या बाजूने आहे हे मान्य. पण कुटुंबशास्त्र नाही. डबा कुणी उचलायचा यावरून भांडणं होतात, "दादा, जरा एवढं धर ना" असं पन्नास पायऱ्यांत सात वेळा ऐकू येतं. पोट मात्र ज्याचं त्याने न सांगता वर आणायचं असतं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातल्या करिजिनी राष्ट्रीय उद्यानाची रचनाही अशीच आहे: लाल सपाट माळ, आणि त्यात अचानक उघडलेल्या घळी, ज्यांत पायऱ्यांनी आणि शिड्यांनी उतरावं लागतं. पर्थहून हजार किलोमीटरच्या वर गाडी हाकत तिथे जाणाऱ्या मराठी कुटुंबाने गाडीत तिखटमिठाच्या पुऱ्या भरल्या, तर तो मागासलेपणा नाही, भूरचनेचं अचूक भान आहे.

आता इतिहास, म्हणजे या दऱ्यांतले पहिले मुक्कामी. पितळखोऱ्याच्या घळीत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून बौद्ध भिक्षूंनी लेणी खोदून घेतली. भिक्षू म्हणजे घर सोडलेला माणूस. त्याच्याइतकं हलकं सामान जगात कुणाचं असेल? चीवर, भिक्षापात्र आणि आणखी चार-दोन वस्तू. सॅकवाल्यांना आदर्श हवा असेल तर याहून थोर आदर्श मिळणार नाही. पण पावसाळ्यात या आदर्शाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. भिक्षू पावसातही हिंडतात, कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात, अहो पक्षीसुद्धा या दिवसांत घरटं धरून राहतात, अशी तक्रार लोकांनी केली. तेव्हा बुद्धाने पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. लोकांची तक्रार ऐकून नियम झाला, हीच गोष्ट आजच्या वाचकाला दंतकथा वाटेल, पण ती विनयपिटकात आहे. त्याच ठिकाणी आणखी एक मजेदार यादी आहे. वर्षावास झाडाच्या ढोलीत करायचा नाही, झाडाच्या बेचक्यात करायचा नाही, उघड्यावर करायचा नाही, छत्रीखाली करायचा नाही आणि मोठ्या रांजणात बसूनही करायचा नाही. नियम उगाच होत नसतात. कुणीतरी भिक्षू रांजणात राहून बघितल्याशिवाय त्याची मनाई लिहिली गेली नसणार. साहसी मुक्कामाची जेवढी म्हणून रूपं आजच्या जाहिरातींत दिसतात, ती सगळी अडीच हजार वर्षांपूर्वी करून बघून, लोकांची बोलणी खाऊन, बाद ठरवलेली आहेत. उरलं काय? छप्पर, अंथरूण आणि दार असलेली जागा. म्हणजे घर.

आणि ते घर केवढं नीट! जुन्या विहारांच्या खोल्यांत दगडी ओटे आहेत आणि काही ओट्यांना उशाकडची बाजू उंच ठेवून दगडातच उशी कोरलेली आहे. आजींची उशी डिकीत पाहून ज्यांना हसू येतं त्यांनी हे लक्षात घ्यावं, की संन्याशांनाही उशी लागत होती आणि ती परत न्यायची कटकट नको म्हणून त्यांनी ती डोंगराची केली. पितळखोऱ्याच्या एका विहाराच्या जिन्यापाशी पाच फण्यांचा नाग कोरला आहे. त्याच्यामागे खडकातून नळी काढली आहे. वर पाणी ओतलं की फण्यांतून ते खाली ठिबकावं अशी योजना. आल्यागेल्याने पाय धुऊन वर यावं म्हणून केलेली ती सोय मानली जाते. "पाय धुऊन आत या" हे वाक्य मराठी घरातून कितीही लांब गेलं तरी पाठ सोडत नाही, हे या नागाने सिद्ध केलं आहे. वेरूळला पाचव्या क्रमांकाचं लेणं पाहा. आत खोलवर गेलेला लांबलचक मंडप आणि मधोमध दोन समांतर ठेंगणे दगडी ओटे. जाणकारांपैकी काहींच्या मते तिथे अध्ययन-पठण चाले, काहींच्या मते भोजन. दोन्ही ओट्यांच्या रांगांकडे एकदा नीट बघितलं की मराठी माणसाच्या मनात शंका उरत नाही: वाढपी मधून जाणार, पंगत दोन्हीकडे बसणार. विद्वानांनी पुरावा शोधत बसावं. सतरंजी कुठल्या दिशेने अंथरायची हे आपल्याला दिसतं.

अजिंठ्याला तर पुढची पायरी आहे. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणात तीस लेणी आहेत आणि त्यातलं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात करवून घेतलं. त्याने तिथे शिलालेख ठेवला आहे. राजघराण्याची स्तुती आटोपल्यावर लेख वास्तूकडे वळतो आणि तिला खिडक्या आहेत, दारं आहेत, चित्रांनी सजलेल्या जागा आहेत, पाण्याची सोय आहे असं वर्णन करत जातो. हे वाचताना डोंगरातलं तपोवन डोळ्यांपुढे येत नाही. म्हैसमाळच्या वाटेवरच्या एखाद्या नव्या रिसॉर्टचा फलक येतो, फक्त 'वायफाय मोफत' तेवढं लिहायचं राहिलेलं. पितळखोऱ्याचे लेख आणखी घरगुती आहेत. पैठणच्या मित्रदेव नावाच्या गांधिकाने, म्हणजे अत्तर-सुगंधाच्या व्यापाऱ्याने, तिथे खांब दिला. आणि मगिल नावाच्या राजवैद्याच्या मुलाबाळांची दानं नोंदलेली आहेत, त्यात मुलीचंही नाव आहे. पैठणचा व्यापारी आणि डॉक्टरांचं कुटुंब! दोन हजार वर्षांत या दरीत येणाऱ्या मंडळींची यादी बदललेली नाही. आजही रविवारी पायऱ्यांवर भेटतात ते हेच लोक. फक्त खांब द्यायची पद्धत गेली आणि नाव लिहायची तेवढी राहिली. नाव कोरण्याची ज्यांना अनावर हौस आहे त्यांना पुरातत्त्व खात्याने कायद्याची कलमं दाखवण्याऐवजी मित्रदेवाचा दाखला द्यावा: आधी एक अख्खा खांब, मग नाव.

इथे सॅकवाले आपलं हुकमी पान टाकतात. तुमचा इतिहास श्रीमंत देणगीदारांचा आहे, म्हणतात. खरा प्रवासी एकटा येतो, कमी आणतो, कमी बिघडवतो. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला दोन साक्षी मी काढतो, दोन्ही अजिंठ्याच्या. पहिला जॉन स्मिथ. मद्रास घोडदळाचा हा अधिकारी एप्रिल १८१९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि त्याला दहावं लेणं दिसलं. त्याच्याजवळ ना सतरंजी, ना डबा, ना आत्या. सामान इतकं कमी, की हातांना काही उद्योग नाही. मग त्याने काय केलं? लेण्यातल्या रंगवलेल्या खांबावर, चित्रावरच, आपलं नाव, पलटण आणि तारीख खरवडली. ती अजून दिसते. तो घरच्या मंडळींबरोबर आला असता तर कुणीतरी नक्की दटावलं असतं, "अरे, ते काय करतोस? आधी कांदा चिर." सहकुटुंब सहलीत एकेका माणसावर चार-चार जणांची नजर असते, आणि पुरातन वास्तूच्या रक्षणासाठी याहून स्वस्त व्यवस्था अजून सापडलेली नाही. (ही व्यवस्था कॉलेजच्या सहलींना लागू पडत नाही, तिथे सगळेच जॉन स्मिथ असतात.) याउलट मेजर रॉबर्ट गिल. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला येऊन राहिला तो कायमचाच राहिला. अजिंठा गावातच बिऱ्हाड केलं आणि १८७९ मध्ये इथेच खानदेशात, भुसावळला, त्याचा शेवट झाला. त्याच्या नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळाल्या हे त्याचं दुर्दैव. पण बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसाने भिंतीवर स्वतःचं नाव खरवडलं नाही, भिंत कागदावर उतरवायचा प्रयत्न केला.

दुसरी साक्ष सतराव्या लेण्यातल्या भिंतीवर आहे आणि ती सहकुटुंब वनवासाचीच आहे. राजपुत्र विश्वंतर हा दानशूर. त्याने राज्याचा पांढरा हत्ती देऊन टाकला तेव्हा प्रजा खवळली आणि त्याला बायको मद्री आणि दोन मुलांसह अरण्यात जावं लागलं. रथात बसून कुटुंब निघालं इथपर्यंत सगळं ठीक. वाटेत कुणी घोडे मागितले, त्याने घोडे दिले. कुणी रथ मागितला, रथ दिला. मुलं कडेवर घेऊन दोघं चालत निघाले. हलक्या सामानाचं तत्त्व याहून कुणी कसोशीने पाळलं असेल असं वाटत नाही. पण तत्त्वाला एकदा उतार लागला की ते कुठे थांबेल सांगता येत नाही: अरण्यात पोचल्यावर एका ब्राह्मणाने मुलं मागितली आणि विश्वंतराने मुलंही दिली, पुढे बायकोही. जातकाचा शेवट गोड आहे, सगळं परत मिळतं, दानपारमिता सिद्ध होते, आणि तिच्या थोरवीबद्दल मला काही बोलायचं नाही. कौटुंबिक सहलीचं नियोजन म्हणून मात्र हे उदाहरण धोक्याचं आहे. मद्री फळं गोळा करून परत येते आणि मुलं दिसत नाहीत, हा प्रसंग कुठल्याही आईला विचारा. डिकीत आधी काय भरायचं आणि काय कुणाला द्यायचं नाही, याचा निर्णय घरातल्या बाईकडे असावा हा आमच्याकडचा प्रघात कदाचित याच चित्रावरून पडला असेल. पुरावा नाही, पण तर्क सुटसुटीत आहे.

घर हलवण्याच्या बाबतीत हा जिल्हा तसा अनुभवी आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली. ती सहल फसली, आणि का फसली हे इब्न बतूताने सांगितलेल्या एका ऐकीव कथेत आहे. दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्या माणसाला दौलताबादपर्यंत ओढत न्यायचा हुकूम झाला आणि पोचला तेव्हा त्याचा फक्त पाय उरला होता. कथा अतिशयोक्त आहे असं इतिहासकार म्हणतात. पण "मी नाही येत, मला घरीच राहू द्या" म्हणणाऱ्या मामांना ज्यांनी पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरवल्या आहेत, त्यांना तिच्यातलं मर्म कळेल: मनाविरुद्ध आणलेला माणूस पूर्ण येत नाही. औरंगजेबाची तऱ्हा वेगळी. तो दक्खनेत उतरला आणि पंचवीस वर्षं तंबूतच राहिला म्हटलं तरी चालेल. परत दिल्लीला गेलाच नाही, १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि खुलताबादला पुरला गेला. मोगल छावणीत तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामात असताना दुसरा संच, पेशखाना, पुढच्या मुक्कामावर जाऊन उभा राहत असे. आपल्याकडे हे काम मोटरसायकलवर पुढे जाऊन सावलीतली जागा धरणारा भाचा करतो. १६९५ मध्ये गलगल्याच्या छावणीत आलेल्या जेमेल्ली करेरी या इटालियन प्रवाशाने तिचा घेर तीस मैल सांगितला आहे, आत बाजारच्या बाजार. एवढं सगळं बरोबर नेऊनही पंचवीस वर्षांत हाताला काय लागलं, हा मराठी वाचकांचा आवडता विषय आहे, पण इथे तो नको. सहल म्हणून तुलना करायची तर वारीशी करावी. आषाढीची पालखी निघाली की दिंडीचा ट्रक पुढे जातो, राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, आणि वारकरी टाळ वाजवत पोचतो तेव्हा पिठलं-भाकरी तयार असते. इतके लोक, इतके मुक्काम, आणि पंढरीचा रस्ता अनुभवताना घरची भाकरी आड आली अशी तक्रार एकाही संताने केलेली नाही.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो: जंगल हे जंगलासाठी आहे. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झालं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, कन्नड आणि चाळीसगावच्या मध्ये. तिथे बिबटे आहेत, रानडुकरं आहेत, मोर आहेत. २०२१ मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ शेतं, रस्ते, ओढे ओलांडत शेकडो किलोमीटर चालून इथे पोचला. बरोबर काही नाही. जंगलात यावं तर असं, असं कुणी म्हणालं तर मान खाली घालावी लागते. पण वाघाचीही बाजू समजून घ्यायला हवी. तो सहलीला आला नव्हता, तो घर शोधायला निघाला होता. घर ज्याला मिळालेलं नाही त्यानेच बिनसामानाचं हिंडावं; ज्याचं आहे त्याने ते दाखवायला काय हरकत? फक्त वाघाच्या घरी पाहुणे म्हणून जाताना पाहुण्याचे नियम आहेत, आणि तिथे माझं मत सॅकवाल्यांच्याही पुढे जातं. स्पीकर नको. स्पीकर हा घराचा भाग नाही, तो वरातीचा भाग आहे. आणि घर नेण्याची परवानगी आहे म्हणून वरात नेता येत नाही. पितळखोऱ्याच्या घळीत माणसाने साधी हाक मारली तरी कडा ती परत देतो, तिथे आणखी आवाजाची गरज कुणाला आहे? चूलही नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल असा विस्तव तिथे पेटवायचा नसतो, आणि कड्यांना लटकलेल्या आग्या मोहोळांना तर कायदाही माहीत नसतो. त्यांना नुसता धूर पुरतो. अजिंठ्यात मधमाश्या उठल्यावर पर्यटक पळाल्याच्या बातम्या येत असतात, आणि अशा वेळी सतरंजीची घडी कुणी घालत बसत नाही.

चूल नाही म्हटल्यावर काय न्यायचं? याचं उत्तर मराठवाड्याच्या स्वयंपाकघराने केव्हाच देऊन ठेवलं आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, धपाटे गार झाले की उलट रंगतात, शेंगदाण्याची चटणी कधीच रागावत नाही, ठेच्याला ऊन लागलं तरी तो शांतच, आणि दह्याबरोबर यातलं काहीही चालतं. हे सगळं शेतावर, बाजाराच्या दिवशी, वारीत, एस.टी.च्या प्रवासात खाण्यासाठी घडलेलं अन्न आहे. म्हणजे बायकांनी ते कलम ३० लिहिलं जाण्याच्या कित्येक पिढ्या आधीच त्याचं पालन करून ठेवलं होतं. याउलट सॅकमधून निघतं ते 'दोन मिनिटांत तयार' असं लिहिलेलं पाकीट, ज्याला उकळतं पाणी लागतं, म्हणजे गॅसचा छोटा स्टोव्ह लागतो, म्हणजे शेवटी जाळ लागतोच. हलकं सामान इथे येऊन अडखळतं. शिवाय ते पाकीट खाऊन झाल्यावर उरतं.

आणि उरण्याचा प्रश्न आला की सतरंजीवाल्यांची बाजू घेणं मला जड जातं. पितळखोऱ्याच्या पायऱ्यांवर, गौताळ्याच्या तळ्याकाठी, धबधब्याच्या कुंडापाशी द्रोण, पाण्याच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि बाळाचा लंगोट टाकून जातं ते कुटुंबच. इथे "लोकांना शिस्तच नाही" असं म्हणून हात झटकायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्याच घरात त्याच बाई ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवतात आणि घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की हातातलं काम टाकून धावतात. तीच माणसं दरीत आली की बदलतात असं नाही. त्यांनी घरातलं सगळं आणलेलं असतं, उशीसुद्धा, फक्त कचऱ्याचा डबा तेवढा आणलेला नसतो. अर्धं घर म्हणतो ते हे. भिक्षूंनी खडकात पाण्याला वाट करून दिली, पाय धुण्याची जागा बाहेर ठेवली. खरकटं कुठे जाईल याचा विचार झाल्याशिवाय पंगतीचे ओटे कोरले गेले नसतील. घर न्यायचं तर न्हाणीसकट न्यावं. कचऱ्याची एक मोठी पिशवी, शक्यतो जाड, आत्याच्या त्या गुपित गाठोड्याइतक्याच इतमामाने डिकीत चढायला हवी. आणि आत्यानेच ती नेली तर उत्तम, कारण मग ती भरल्याशिवाय कुणाची उठायची टाप नाही.

पावसाळ्यातला एक मुद्दा टाळता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दऱ्या हिरव्यागार होतात, धवलतीर्थापासून अजिंठ्याच्या सातकुंडापर्यंत सगळे धबधबे कोसळतात, आणि सगळं शहर एकाच रविवारी एकाच वाटेने निघतं. (एकाच रविवारी का, याचं उत्तर सोपं आहे: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, आणि कुठलं कधी हे कुठल्याच कुटुंबात एकमताने ठरलेलं नाही, म्हणून रविवार.) काळा पाषाण पाणी पीत नाही. वर पठारावर सर आली की खाली ओढा बघता बघता फुगतो, आणि खालच्याला वर पाऊस पडल्याचं दिसतही नाही. अशा वेळी कुंडाच्या अगदी काठावर सतरंजी अंथरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. मात्र इथेही घर बरोबर असल्याचा फायदा होतो. एकटा सॅकवाला फोटोसाठी आणखी एक दगड पुढे जाऊ शकतो. कुटुंबात मुलांना, काकांच्या खुर्चीला आणि आजींच्या उशीला सपाट, कोरडी, चार पावलं वरची जागाच लागते, आणि ती निवडताना आजी एकदा पाण्याकडे, एकदा आभाळाकडे बघून जे काही म्हणतात ते हवामान खात्याच्या पिवळ्या इशाऱ्यापेक्षा अधिक लोक ऐकतात.

उरला प्रश्न परतीच्या चढणीवर ती भरलेली कचऱ्याची पिशवी कुणी उचलायची याचा. डबे रिकामे झालेले असतात, पण ते एकात एक बसवून वहिनींच्या हातात असतात. सतरंज्या दादाच्या खांद्यावर, खुर्ची काकांच्या, म्हणजे प्रत्यक्षात काकांच्या मुलाच्या. जार रिकामा झाला तरी त्याचा आकार कमी होत नाही. लहान मुलं स्वतःच उचलून न्यायच्या अवस्थेत असतात. आजी एक हात कठड्यावर आणि एक हात नातीच्या खांद्यावर ठेवून चढत असतात आणि दर वळणावर थांबून खालच्या दरीची तारीफ करतात, जी खरं तर दम घ्यायची सोय असते. अशा वेळी एकच माणूस मोकळा सापडतो: सगळ्यांना हलक्या सामानाचं तत्त्वज्ञान समजावत आलेला, पाठीवर एक सॅक आणि दोन्ही हात रिकामे असलेला घरातला तो तरुण. त्याला आत्या म्हणते, "तुझं सामान कमी आहे ना रे? मग हे घे."